खोली नंबर १४, आयसीटीसी : आतल्या मॅडमना पाच स्टार, बाहेरच्या कॉरिडॉरला दीड

सरकारी दवाखान्यातल्या रक्त तपासणीचा रिव्ह्यू कुणी लिहितं का, असं रूमवर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, मिसळीच्या तर्रीवर तीन-तीन परिच्छेद लिहिणारी माणसं तुम्ही, मग हे का नको? इथं तर बिलसुद्धा आलं नाही.

दवाखान्याचं नाव देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं उपजिल्हा रुग्णालय, एवढं पुरे. खाली तक्रारी आहेत, आणि ज्या मॅडमचं मी कौतुक करणार आहे त्यांची नोकरी कंत्राटी आहे. माझ्या चार ओळींमुळे त्यांना कुणी साहेबांनी बोलावून घ्यायला नको.

आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. एचआयव्हीची तपासणी इथं फुकट होते आणि तपासणीच्या आधी नि नंतर बोलायला माणूस असतं. मराठी नाव पाटीवर मावलेलं नाही, शेवटची दोन अक्षरं पार चौकटीवर गेलीत. त्याखाली मात्र लांबून दिसेल अशा लाल रंगात 'एड्स तपासणी'. ही पाटी केस पेपरच्या खिडकीच्या बरोबर समोर. म्हणजे पडशाला आलेला आख्खा तालुका रांगेत उभा राहून त्या दारात कोण शिरतंय ते बघतो. पाटी ज्यांनी लावली त्यांना एक स्टारही जास्त होतो.

आम्ही चौघं तिथं कसे पोचलो ते आधी सांगतो. एप्रिलमध्ये चैत्री पौर्णिमेनंतर दाजीच्या गावची जत्रा होती. (दाजी आमच्याच वर्गातला, लग्न झालेलं नाही, नाव पडलंय.) पाळण्यांच्या मागं एकजण छत्री लावून गोंदायला बसला होता. गाडीची बॅटरी, तिला जोडलेलं मशीन, पुठ्ठ्यावर नक्षीचे नमुने, शंभराला एक. बारक्यानं त्रिशूळ काढला, दाजीनं महादेव, मायक्रोवाल्यानं इंग्रजीत कुणाचं तरी पहिलं अक्षर, मी मनगटावर 'आई'. चौघांना एकच सुई. दोघांच्या मधे तो ती स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवायचा, रक्त आलं की मांडीवरच्या फडक्यानं पुसायचा. शाई एकाच बुचातली. आमच्या आधी किती जणांना ती सुई लागली असेल ते तो पेलाच जाणे, त्यातलं पाणी काळपट-लाल झालं होतं. आम्ही ते बघितलं होतं. चौघांनी बघितलं होतं.

आता आमची शैक्षणिक पात्रता. मी टी. वाय. केमिस्ट्री, एनएसएसचा स्वयंसेवक, १ डिसेंबरच्या पोस्टर स्पर्धेत कॉलेजात दुसरा. मायक्रोवाला टी. वाय. मायक्रोबायोलॉजी. एचआयव्हीची आकृती काढून त्यावर जीपी१२० नि जीपी४१ ह्या विषाणूवरच्या प्रथिनांची नावं घालून त्यानं पैकीच्या पैकी मार्क घेतलेत. तो जत्रेत तिसऱ्या नंबरला बसला होता. एड्स कशानं होतो असं आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी चार मार्ग म्हणून दाखवले असते : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आईकडून बाळाला. 'दूषित सुई' म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं यायचा तो कुठल्या तरी शहरातला नशा करणारा माणूस. छत्रीखाली बसलेला जत्रेतला काका त्या चित्रात नव्हताच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. मीच टेबलं लावली होती. निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब बुडाला, हिमोग्लोबिन ठीक, वजन ६२. फॉर्मवर 'गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलं आहे का' असा प्रश्न होता. मी प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं आणि तिथंच कटलो. गोंदल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. बारक्यानं 'नाही' लिहिलं होतं, पण बाही वर सारल्यावर त्रिशूळ निघाला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "हे काय जन्मखूण आहे का?" मग तो हळूच म्हणाला, "सर, घ्या की, तेवढीच फुकटात टेस्ट पण होईल." त्यावर ते जे चिडले! घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया अशी पाच प्रकारे तपासणी होते हे खरं. पण लागण अगदी ताजी असेल तर काही दिवस ती तपासणीत सापडत नाही, आणि ती पिशवी बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढते. तपासणी हवी असेल तर तपासणी केंद्रात जा, रक्तपेढी त्यासाठी नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. केळं नि पार्ले-जी तरीही दिलं, हे नमूद करतो.

त्या रात्री रूमवर कुणी झोपलं नाही. मोबाइलवर लक्षणं वाचली. वजन घटणं, तोंड येणं, थकवा. मेसचं जेवण जेवणाऱ्या कुठल्याही पोराला ही तिन्ही असतातच. घरी फोन केला तर आई म्हणाली, "माझ्या हातावर न्हाई का गोंदाण? काय झालं मला?" तिच्या कपाळावर नि हातावर आहे, लग्नाआधीचं. तिला काय सांगणार.

तर दवाखाना. केस पेपर काढला. त्यावर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मागं चाळीस माणसं. मी म्हटलं, "चौदा नंबर." त्यांनी मान वर करून नीट बघितलं. केस पेपर न काढता थेट चौदामध्ये गेलं तरी चालतं, हे मला नंतर मॅडमकडून कळलं. हे कुठंही लिहिलेलं नाही. एवढी एक ओळ भिंतीवर लिहिली असती तर माझी ती पाच मिनिटं वाचली असती.

चौदाच्या बाहेर बाकावर कोण असेल असं वाटतं? सगळ्या गरोदर बाया, सोबत त्यांच्या सासवा. प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी होते, कारण वेळेत कळलं तर औषधानं बाळाची लागण टाळता येते. टीबीच्या पेशंटचीही होते. आम्ही चौघं दाढीवाले त्यांच्यामधे अंग चोरून बसलो. एका आजींनी मला विचारलं, "तुजी बायकू कुठाय?" मी म्हटलं, "यायचीय अजून." खोटं नव्हतं. एवढ्यात एक कर्मचारी बाहेर येऊन मोठ्यानं ओरडला, "एचआयव्हीवाले कोण? हिकडं सरका!" कॉरिडॉर थांबला. आजींनी पदर सावरून दोन वीत अंतर घेतलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला रोगाची नाही, बाकावर आमच्या गावचं कोणी असेल का याची भीती वाटली. मायक्रोवाला तर उठून जिन्यापर्यंत गेला होता. बारक्यानं कॉलर धरून आणला. शीर्षकातले दीड स्टार ह्या ओरडण्याचे. अर्धा वाढवलाय तो पंख्याचा, पंखा चालू होता.

आत मात्र वेगळीच दुनिया. दहा बाय दहाची खोली, टेबल, मागं रजिस्टरांची चळत, कोपऱ्यात निरोधचं खोकं, दाराला हिरवा पडदा. मॅडम चाळिशीच्या. आधी म्हणाल्या, "एकेक जण आत या, बाकीचे बाहेर." आम्ही म्हटलं, आमच्यात काही लपवाछपवी नाही. त्या म्हणाल्या, "आता नाही, निकाल आल्यावर होईल." मग तयारीच्या बोलण्याला चौघं एकत्र, तपासणी नि निकाल एकेकटे, असं ठरलं.

त्यांनी एकदाही 'असं केलंच कशाला' म्हटलं नाही. सुई कशी होती, पेला कसा होता, किती महिने झाले, हे सगळं सरळ विचारलं. लैंगिक संबंधाबद्दलही तितक्याच सरळ, जसा डोळ्याचा डॉक्टर चष्म्याचा नंबर विचारतो. बारक्या एवढा लाजला की उत्तर 'नाही' असूनही ते 'हो' सारखं ऐकू आलं. घरी कळवणार का, या दाजीच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या की अठरा पूर्ण असतील तर संमती तुमची, सही तुमची, निकाल तुमचा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाच आहे, लेखी संमतीशिवाय कुणाचा निकाल कुणाला सांगता येत नाही. कॉलेजातून काढणं, नोकरी नाकारणं, घर न देणं हेही त्यात बेकायदा आहे. माझ्या पोस्टर स्पर्धेच्या आख्ख्या वर्षात हा कायदा कुणी उच्चारला नव्हता.

मग त्यांनी आमची परीक्षा घेतली, एचआयव्ही कशाकशानं लागतो याची. डास? नाही. मिठी? नाही. एका ताटात जेवण? नाही. एकच संडास? नाही. चौघं एका सुरात, शाळेत पाढे म्हणावेत तसं. मॅडम हसल्या आणि दाजीला विचारलं, "मेसमध्ये तुझ्या शेजारी एचआयव्ही असलेला मुलगा बसला तर?" दाजी म्हणाला, "बसू दे की, त्यात काय." थोडं थांबून म्हणाला, "फक्त ताट त्याचं वेगळं ठेवायला सांगीन." आत्ताच 'नाही' म्हणाला होता ना तू, असं मी म्हणालो तर तो माझ्यावरच डाफरला, "पेपरात नाहीच लिहीन. पण जेवायचं मला आहे." मॅडमनी त्याला ओरडलं नाही. फक्त म्हणाल्या, "बरोबर सांगितलंस, खरं सांगितलंस." आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून जाणून घ्यायचंय.

मी शहाणपणानं माझ्या बक्षिसाचं सांगितलं. पोस्टरवर काय काढलं होतं, त्यांनी विचारलं. कवटी, खाली 'एड्स म्हणजे मरण'. त्या म्हणाल्या, "अशा पोस्टरमुळेच माणसं माझ्या दारापर्यंत येऊन माघारी जातात." आता रोज एक गोळी असते, सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, फुकट. ती नीट घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत मोजता येत नाही, आणि मग संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ती माणसं नोकरी करतात, लग्न करतात, म्हातारी होतात. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "रंग चांगले भरले असशील."

खरी गंमत पुढं. त्यांनी बोटावर मोजून दाखवलं : लागण असलेल्या पेशंटची सुई दवाखान्यात चुकून टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात साधारण तीन. कावीळ क, शंभरात फार तर दोन. आणि कावीळ ब, लस घेतलेली नसेल तर शंभरात तीसपर्यंत. "तुम्ही रात्रभर जागलात कशासाठी? हजारात तीनसाठी. आणि तिसाचं नाव तरी माहीत होतं का?"

नव्हतं. म्हणजे कावीळ माहीत होती. आमच्याकडं कावीळ म्हणजे उन्हाळ्यात खराब पाण्यानं होणारी, उसाचा रस नि फुटाणे खायचे, गळ्यात माळ घालायची, माळ लांब होत गेली की कावीळ उतरली. दाजी म्हणाला, त्याच्या चुलत्याची माळ बेंबीपर्यंत आली होती. ती पाण्याची कावीळ बहुतेक आपोआपच बरी होते, माळ असो वा नसो. रक्तातून येणारी वेगळी. ब चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जगू शकतो. कधी काहीच त्रास देत नाही, गपचूप वर्षानुवर्षं यकृतात राहतो, आणि पुढं सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होणं) किंवा कॅन्सर होऊन कळतो. लागतो कशानं? गोंदणं, दाढीचं वापरलेलं पातं, एकाचं रेझर दुसऱ्यानं वापरणं. ह्या शेवटच्या वाक्याला आम्ही तिघांनी बारक्याकडं बघितलं, कारण होस्टेलच्या आमच्या मजल्यावर रेझर एकच आहे आणि ते त्याचं आहे.

कावीळ ब ला लस आहे. तीन डोस : आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून आली, आमचा जन्म २००५ चा. म्हणजे खाजगीत कुणी टोचली असेल तरच. क ला लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त पेशंट पूर्ण बरे होतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या फुकट मिळतात. मायक्रोवाल्याला हे सगळं वाचलेलं आठवत होतं, पण कुठल्या युनिटमध्ये ते आठवेना.

त्याला उद्देशूनच मॅडमनी एक गोष्ट सांगितली. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली, चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या हाताखाली मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला नावाच्या विद्यार्थिनीनं प्रबंधासाठी नमुने गोळा केले होते. ठेवायला सोय नव्हती म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि वेल्लोरला नेऊन तपासले. त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. तोवर सगळे म्हणत होते की हा परदेशातला आजार, आपल्याकडं कुठला. आम्हीही जत्रेत साधारण तेच म्हणत होतो.

तपासणी पाच मिनिटांची. टेक्निशियन दादांनी माझ्यासमोर पाकीट फोडून सुई काढली, हातमोजे नवे, रक्त घेतल्यावर सुई लगेच कटरमध्ये. मी मुद्दाम बघत होतो, जत्रेत बघायला हवं होतं तसं. निकालाला तासभर लागतो. एका किटवर काही दिसलं तर आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. त्या तासात बारक्यानं तीन चहा घेतले. मग एकेकाला आत बोलावलं. मॅडमनी कागद उलटा ठेवला नाही, नाटक केलं नाही, मी बसायच्या आधीच सांगितलं, "नॉन-रिॲक्टिव्ह." म्हणजे लागण आढळली नाही. तीन महिने उलटून गेल्यामुळे एचआयव्हीपुरता हा निकाल पक्का. वर म्हणाल्या, पुन्हा कधी असं झालं तर चार महिन्यांनी येऊ नका, त्याच दिवशी या. धोका मोठा असेल तर डॉक्टर २८ दिवसांच्या गोळ्या देतात, पण त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. १०९७ ही फुकट हेल्पलाइनही त्यांनीच लिहून दिली. चौघांचे निकाल मी सांगणार नाही. माझा सांगितला, तो माझा आहे.

आता राहिलेली तक्रार. काविळीची तपासणी चौदामध्ये होत नाही, लॅबमध्ये होते. लॅब दुसऱ्या इमारतीत, तिथं वेगळी रांग, आणि रांग संपल्यावर खिडकीत उत्तर, "किट संपलंय, सोमवारी या." सोमवारी गेलो तर "साहेब मीटिंगला." तिसऱ्या खेपेला झालं. दोघांनी तोवर नाद सोडला होता. एकाच सुईनं येणारे तीन आजार, आणि तपासायला दोन इमारती नि तीन फेऱ्या, याला काय म्हणायचं? हिंडवायचंच असेल तर निदान बाण तरी काढा भिंतीवर. मोठ्यांसाठी लस तिथं नव्हती. मेडिकलमधून आणली, सिरिंजसकट दीडशेच्या आत पडली, टोचून घेतली गावातल्या डॉक्टरांकडं. जत्रेतल्या 'आई'पेक्षा पन्नासभर महाग.

कुणी जावं? मिसरूड फुटल्यापासून सलूनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकानं एकदा, असं माझं मत. सकाळी लवकर जा, अकरानंतर गरोदर बायांची गर्दी वाढते आणि मॅडमना घाई होते. केस पेपरच्या रांगेत उभं राहू नका. आणि एकट्यानं जाऊ नका, जिन्यावरून परत आणायला कुणीतरी लागतं.

होस्टेलवर आता रेझर चार आहेत. दाजीला मी परवा पुन्हा ताटाचं विचारलं, तो म्हणाला, "विचार करतोय." माझा दुसरा डोस सप्टेंबरात झाला, तिसरा फेब्रुवारीत. बारक्याचा अजून पहिलाच बाकी आहे. सुई बघितली की त्याला चक्कर येते म्हणे. त्रिशूळ काढायला पाऊण तास लागला होता.